शिंपीकाकांचं मशीन कुठल्या दालनात?

“हात वर कर रे पंडिता! बाही दोन बोटं जास्तच ठेवतो. वाढतं अंग तुझं.”

शिंपीकाकांचा हा आवाज प्राध्यापकांच्या कानात कितीतरी वर्षांनी उमटला. समोर काकांचं मशीन होतं. पाट जळून गेलेला, चाक वाकडं, अंग कोळशासारखं काळं. तान्हं मूल आणावं तसं चादरीत गुंडाळून काकांच्या लेकीने ते संग्रहालयात आणलं होतं. तिने प्राध्यापकांना ओळखलं नाही. त्यांनी मात्र तिला पाहताक्षणी ओळखलं. डोळे बापाचेच.

संग्रहालयात दोन दालनं होती, ‘सलोख्याचं दशक’ आणि ‘यादवी’. पहिलं नाव प्राध्यापकांच्याच ग्रंथातलं, आता पोरासोरांच्या तोंडी बसलेलं. हद्दही त्यांनीच आखलेली. पुलावर पहिली तोफ डागली तिथपर्यंत सलोखा, तिथून पुढे यादवी.

“दुकान कधी जळलं, ताई?” संग्रहालयाच्या प्रमुखबाईंनी विचारलं.

“तोफेच्या आदल्या वर्षी. भर दुपारी.”

“म्हणजे पहिल्या दालनात आलं हे.” प्रमुखबाई अवघडल्या. “पण तिथे लग्नाचे फोटो आहेत, झोपाळा आहे, बँडवाल्यांचे डगले आहेत. शाळेची पोरं तिथेच डबे उघडून बसतात, सर. नावच एवढं गोड दिलंत तुम्ही!”

प्राध्यापकांना हसू आलं नाही.

“किरकोळ दंगल होती ती,” ते म्हणाले. ग्रंथाच्या तळटिपेतही हेच होतं. “काळाच्या व्याख्येत बसत नाही. मागच्या खोलीत ठेवा.”

लेकीने चादरीचं टोक सारखं केलं.

“साहेब, माझे बाबा यादवीत गेले नाहीत म्हणता. मग सलोख्यात मारलं का हो त्यांना?” तिचा आवाज चढला नव्हता. “नातू विचारतो, पणजोबा कशात गेले? मला एक शब्द द्या. तो घेऊन मी घरी जाते.”

ही हद्द प्राध्यापकांनी किती सभांतून लढवली होती! कुणी म्हणे, वर्षभर मागे न्या. कुणी म्हणे, बाजार जळला तिथून धरा. ते सगळ्यांना पुरून उरले. साक्षीदार आणा, म्हणायचे. त्या दुपारचा साक्षीदार कुणालाच सापडला नाही.

प्रमुखबाई मशीन उचलायला वाकल्या. प्राध्यापकांनी त्यांचा हात धरला.

“थांबा. दुसऱ्या दालनात न्या. अगदी पहिलं ठेवा.” मग ते लेकीकडे वळले. तिच्या डोळ्यांत बघणं जमेना, तरी बघितलं.

“ताई, यादवी त्याच दुपारी सुरू झाली. दुकान पेटलं तेव्हा तुमचे बाबा जिवंत बाहेर पडले होते. धावत आमच्या दाराशी आले. आतून कडी मी लावली.”