फॉर्मवर निरोगी

जहाजावरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन भरत विचारलं, “फॉर्मवर आजार नाही, रोजची गोळी नाही. बरोबर?” आमच्या ह्यांचं तोंड वाकडं झालेलं, हात लुळा, वाचा गेलेली. सुनेनं माझ्याकडे पाहिलं. फॉर्म तिनेच भरलेला, मी सांगेन तसा. “चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवू नकोस,” असं मी तिला सुनावलंही होतं. ह्यांचं हृदयाचं दुखणं लिहिलं असतं तर ना विमा, ना जहाज, वर शेजारणींत नाक कापलं गेलं असतं. “रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर इंजेक्शन जिवावर बेतेल,” त्या म्हणाल्या. “चालू होती,” मी म्हणाले. “शेवटची कधी घेतली?” “चार दिवसांपूर्वी. सामानाच्या तपासणीत सापडतील म्हणून मी गोळ्या घरीच ठेवल्या. ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनीच बंद केल्यात.” ह्यांना ऐकू येत होतं. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.