मॉनिटरवरचा डाग

जुना ओएलईडी मॉनिटर घ्यावा की नाही, हे मी डाग बघून ठरवतो. एकच चित्र फार दिवस ठेवलं की त्याचा ठसा कायमचा राहतो. जाहिरात बघून गेलो, तर एका काकांनी मुलाचा गेमिंग मॉनिटर लावून दिला. मी पडदा कोरा राखाडी केला, तशी मधोमध पुसट अक्षरं दिसली: ‘खेळ थांबवला आहे.’

“काय हो काका, खेळ अर्धवट टाकून महिनोन्‌महिने कुणी चालू ठेवतं का? पार वाट लावली की पोराने!”

“पाच मिनिटांत येतो म्हणाला. गाडी घेऊन गेला, तो गेलाच,” काका म्हणाले.



“मग,” ते पुढे म्हणाले, “त्याची आई होती तोवर तिने कुणाला बंद करू दिला नाही.”