पिंजऱ्यातली पोळी

पिंजरा धम्मदीपनं बायकोच्या तोंडापुढं नाचवला. “पाय वं, आज पुन्हा सापडला उंदीर.” सोंडेसारखं लांब तोंड, मोहरीएवढे डोळे आणि स्वयंपाकघरभर तोच उग्र दर्प. विशाखानं कपाळाला हात लावला. “किती वेळा सांगू तुमाले? चिचुंदरी हाय ते. झुरळं खाते बिचारी. गॅसची नळी कुरतडणारा उंदीर मोकळाच फिरून राहिला.” “शेपूट हाय, मिशा हायेत. मंग उंदीरच ना?” “मंग पोळी काहून नाही खाल्ली तिनं?” आकड्याला टोचलेला तुकडा जसाच्या तसा होता. “भूक नसन,” म्हणत तो चिचुंदरीला नंदनवन वस्तीच्या मैदानात सोडून आला. तुकडा ओट्यावर काढून ठेवत म्हणाला, “आता घरात उंदीर नाही.” नवी नळी बसवायला सिलिंडरपाशी वाकलेली विशाखा उठली, तेव्हा ओटा रिकामा होता. “पोळी तुमी खाल्ली?” तो उखडला. “मी काहून खाऊ उंदराची पोळी?”