वाजतगाजत

"अप्पा, तुम्ही पुढं, खिडकीशी बसा. आजचे राजे तुम्हीच!" सून म्हणाली, पण अप्पा उंबऱ्यातच थबकले.

दारात बस उभी होती. तीही साधीसुधी नव्हे, पार्टीची बस. बाकं दोन्ही भिंतींना लावलेली, छताला लाल-निळे दिवे, आणि स्पीकर असा ढणाढणा वाजत होता की गोठ्यातल्या गाईंनी रवंथ थांबवलं. असलं प्रकरण या आडगावात पहिल्यांदाच आलेलं. गल्लीत बस वळवताना ड्रायव्हरला घाम फुटला होता. तरी शेजारपाजार नटूनथटून चढला आणि गाडी हलायच्या आधीच नाचायला लागला.

"पण आज आहे तरी काय?" अप्पांनी विचारलं.

"तुमचा वाढदिवस," मुलगा म्हणाला.

"माझा वाढदिवस मलाच ठाऊक नाही, तुला कुठून कळला?"

"म्हणूनच तर! मग कुठलाही दिवस चालतो."

सगळे खो-खो हसले. अप्पा हसले नाहीत. अप्पा शिंपी. माणूस काय लपवतोय ते मला त्याच्या खांद्यांवरून कळतं, असं ते छातीठोकपणे सांगत. आणि गेले काही दिवस घरात सगळ्यांचेच खांदे चोरटे झाले होते.

आधी त्यांच्या खोलीतलं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत गेलं. "तिथं उजेड चांगला आहे," सून म्हणाली. जसा काही तो उजेड कालच आला होता! मग खोलीला रंग लागला. अप्पांची खाट सरकून एका भिंतीला गेली. त्यानंतर सुनेनं मापं सांगून त्यांच्याकडूनच एक गाऊन शिवून घेतला.

"कोणाचा गं हा? एवढ्या आखूड बाह्या?"

"आहे एक गिऱ्हाईक," म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली.

अप्पांनी काय ते ओळखलं. खोली भाड्यानं जाणार, आणि भाडेकरू बुटकी बाई असणार. वर निर्लज्जपणा बघा, तिचे कपडेही आपल्याकडूनच शिवून घेतात!

उरलीसुरली शंका नातीनं फेडली. काल ती गळ्यात पडून म्हणाली, "अप्पा, आता तुम्हाला एकट्यानं झोपावं लागणार नाही!" तिच्या आईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

एकट्यानं नाही, म्हणजे ओळीनं खाटा मांडलेल्या त्या वृद्धाश्रमात. अप्पांना ती जागा माहीत होती. त्यांची अक्का तिथंच होती. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं, सुईत दोरा ओवायला शिकवलं. तिला तिच्या पोरांनी असंच हसतखेळत गाडीत बसवून फिरायला नेलं होतं. परत आली ती फक्त पोरं.

अप्पा तिला एकदाच भेटायला गेले. "चल घरी" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. घर मुलाचं, चूल सुनेची. तेव्हापासून अक्काचं नाव निघालं की ते उठून मशीनवर जाऊन बसत.

बस शेतांमधून डुलत चालली होती. दूधवाला नाचता नाचता ड्रायव्हरच्या अंगावर पडला, त्यावरून एकच गलका झाला. अप्पांचं लक्ष रस्त्यावर होतं. पुढं फाटा होता. उजवीकडचा रस्ता तळ्यावर जाई, डावीकडचा तिकडं. तळ्याकाठी केक कापायचा असेल, उगाच मी वाईटसाईट धरून बसलोय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांना तेवढ्यानंही बरं वाटलं.

बस डावीकडे वळली.

"ड्रायव्हर चुकला वाटतं," अप्पा म्हणाले.

"नाही अप्पा, बरोबर चाललाय," मुलगा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

अप्पांना संताप आला, मग रडू आलं, आणि मग दोन्ही त्यांनी गिळून टाकलं. चार लोकांत शोभा नको. ज्या पोराला पहिली चड्डी आपण शिवली त्याची तर नकोच नको.

पिवळ्या इमारतीच्या आवाराबाहेर बस थांबली. गाणं बंद झालं. सगळे अप्पांकडे बघायला लागले. अप्पा उठले, वाकले, आणि बाकाखालून एक पिशवी ओढून काढली. सकाळी कोणाचं लक्ष नसताना त्यांनी ती गुपचूप भरून आणली होती.

"अहो, हे काय?" सून म्हणाली.

"दोन सदरे आहेत, कात्री आहे, टेप आहे. भागेल माझं. मशीनला तेवढं तेल घालत जा." त्यांनी आवाज सांभाळला. "आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इतकं वाजतगाजत कोणी कोणाला इथं पोचवत नाही."

सुनेला आधी काही कळेना. मग कळलं, तशी ती मटकन बाकावर बसली. तिचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसूही फुटलं. तिनं अप्पांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली आणि मागं भिरकावून दिली.

"अप्पा, तुम्ही पण ना! उतरा आधी खाली. तुमच्या अक्का सकाळपासून तयार होऊन बसल्यात. पोरांबरोबर म्हणे आता कुठल्या गाडीत बसायची नाही, भाऊ स्वतः न्यायला आला तरच तुमच्या घरी राहायला येते!"