गोळीचा गुण

सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढं राबून धाप लागलेल्या कामगारांना एक नवी गोळी देऊन डॉ. अर्पिता सरोदेने तीन वर्षं अभ्यास केला. गोळीचा काडीचाही उपयोग होत नव्हता. तिने ते तसंच लिहिलं आणि तिचा शोधनिबंध कुणीच छापला नाही.

"गुण आला न्हाई, हे कोण छापतं?" मेडिकल कॉलेजातले तिचे सहकारी डॉ. राधेश्याम हसून म्हणाले. "आन् निबंध न्हाई तर बढती न्हाई."

मग त्यांनी स्वतः कामगारांना तीच गोळी दिली आणि ज्यांना बरं वाटलं नाही त्यांना अभ्यासातून गाळून टाकलं. निबंध झळकला. राधेश्याम प्राध्यापक झाले, पुढं विभागप्रमुख. अर्पिता होती तिथंच राहिली.

खुर्चीवर बसताच त्यांनी धाप लागलेल्या प्रत्येक कामगाराला हीच गोळी द्यायचा हुकूम काढला. अर्पिता तावातावाने त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, खरं काय ते तुम्हाला माहीत आहे!"

"म्हाईत हाय. पन आता ते छापून आलंय, अर्पिता."

ती ओपीडीत परतली. समोर भट्टीवरचा कामगार रामकिसन बसला होता, दोन शब्द बोलला की थांबून श्वास घेत होता. तिने खाली मान घालून गोळी लिहिली.

कागद हातात घेताना त्याचा चेहरा उजळला.

"भट्टीचं काम सोडणार व्हतो, म्याडम. आता गोळीच निघाली म्हणल्यावर कशाला सोडू?"