जास्तीचे सव्वीस अंश

धाकटी बॅलेच्या तपासणीत नापास झाली. पण हे अजून झालेलंच नाही असं धरून चालू, कारण तिची आई समोरच स्टुलावर बसली आहे आणि चांगली खुशीत आहे.

पाय मोजणाऱ्या डॉक्टरांना नृत्यशाळेतल्या मुली अंशकाका म्हणतात. घरचं दारही ते कोन ठरवून उघडतात, अशी वदंता आहे. त्यांनी धाकटीला टेबलावर पालथं झोपवलं, गुडघा दुमडला, कोनमापक लावला. खुबा चाळीस अंश फिरला. मग तिला उभं केलं, टाचेला टाच, चवडे बाहेर. सहासष्ट. त्यांनी कोनमापक थर्मामीटरसारखा झटकला. पुन्हा सहासष्ट.

"बाळ, खुबा चाळीसच देतोय. वरचे सव्वीस कुठून आणलेस?"

"ताईचे आहेत."

ताई सहा वर्षांपूर्वी गेली. पावलं मात्र घरीच आहेत. ताई असतानाच आईने तिची पावलं सरावाच्या खोलीत, फरशीवर तेलरंगाने आखून घेतली होती. धाकटी रोज त्यांत उभी राहते. खुबा नाही म्हणाला की गुडघे पिळते.

"मी ताईच्या आखलेल्या पावलांत उभी राहते. कधीकधी ती आधीच गरम असतात," धाकटी म्हणाली. "बसमध्ये कुणी नुकतंच उठून गेलं की सीट असते ना, तशी."

अंशकाकांनी कोनमापक खाली ठेवला.

"हिचे गुडघे जातील," अंशकाका आईला म्हणाले. "मी नापास करतोय. आणि ती पावलं आधी पुसा."

"अहो, थोरलीचेही सहासष्टच होते! तुम्हीच पास केलंत तिला. तिचे कुठे गेले गुडघे? ती जिन्यावरून पडली. जिना ओला होता."

जिना ओला होता, असं सगळेच म्हणतात. अंशकाकाही सहा वर्षं तेच म्हणत आले होते. जिन्याला कुणी विचारलं नव्हतं.

थोरलीचा खुबाच तसा होता, एखादीलाच मिळतो, हे आईला दाखवायला त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. पान सापडलं. उभी: सहासष्ट. पालथी: नुसती रेघ. शेजारी त्यांच्याच अक्षरात, 'टेबलाचा पाय मोडल्याने नंतर मोजू.'

"काय हो, काय लिहिलंय?" आईने विचारलं.

अंशकाकांनी वही तिच्यापुढे सरकवली. आईने ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग धाकटीच्या गुडघ्यांवर हात ठेवला.

अंशकाकांनी धाकटीच्या कागदावर 'नापास' लिहिलं. मग एक कोरा कागद घेतला.

'मा. संचालक, नृत्यशाळा, यांस. थोरल्या विद्यार्थिनीची पालथी मोजणी माझ्याकडून राहून गेली आहे. टेबल आता दुरुस्त आहे. तरी सदर विद्यार्थिनीस सोमवारी सकाळी दहा वाजता फेरमोजणीसाठी पाठवावे, ही नम्र विनंती.'