बोट दाखवायचा नियम

“लॉरीन, या वेळी तरी माझ्या ट्रकवर रॉकेट पाडू नकोस, बाई!” आमच्या रॉकेट क्लबातला डार्विन खिदळला. मी गाड्यांपासून लांब, कापणी झालेल्या गव्हाच्या रानात एकटीच जाऊन उभी राहिले.

आठ महिने खपून जोडलेलं माझं नऊ फुटी रॉकेट कॅन्ससच्या आभाळात दिसेनासं झालं. पॅराशूट उघडायची वेळ टळून गेली, तरी लाल कापड काही दिसेना.

आमच्या क्लबचा नियम आहे: असं रॉकेट पडताना ज्याला दिसेल, त्यानं त्याच्याकडे बोट दाखवायचं, म्हणजे बाकीचे बाजूला पळतात.

उन्हानं माझे डोळे दिपलेले. “अरे, कुठंय ते?” ओरडत मी लोकांकडे वळले.



चाळीस बोटं माझ्या डोक्याच्या जरा वर होती, आणि भराभर खाली येत होती.